देव झालेला कडूबा

टँकरच्या वर्षात पोरं चक्कर येऊन पडली तर कुणाला नवल वाटत नसे. म्हणून पुंडलिकनगरच्या शाळेतली सत्यशीला आठशे मीटर धावता धावता कोसळली, तेव्हा सगळे उन्हाला नावं ठेवून मोकळे झाले. मिनिटभरात उठून ती हसलीसुद्धा. खेळाच्या पाठकबाईंच्या मनातून मात्र ते जाईना. चक्कर येणारं पोर आधी डगमगतं, डोकं धरतं. ही तर ऐन वेगात पडली होती.

बाईंनी स्वतः प्रश्न लिहून घरी कागद पाठवला. ‘घरात कुणी लहान वयात अचानक मरण पावलं आहे का?’ सत्यशीलाच्या वडिलांनी, सांडूनं, ठसठशीत ‘नाही’ लिहून दिलं. जिल्हा स्पर्धा चार दिवसांवर आली होती.

“बाई, राईचा पर्वत करू नका,” मुख्याध्यापक म्हणाले. “पोरगी पदक आणणारी आहे.”

पदक बाईंनाही हवंच होतं, खोटं कशाला बोला! संमतीची सही घ्यायला त्या सांडूच्या घरी गेल्या. पिशोरकडची मेंढरं विकून तो इथं बांधकामावर आला होता. त्याची आई कस्तुराबाई नातीला म्हणाली, “स्पर्धेला जायच्या आधी चुलत्याच्या पाया पड गं.”

सत्यशीला फळीवरच्या देवांतल्या एका टाकापुढे, चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या मूर्तीपुढे, वाकली. “हे चुलते कोण?” बाईंनी विचारलं.

“ह्यो आमचा वीर. माझा धाकला, कडूबा. सोळाचा व्हता. मेंढरामागं पळता पळता पडला अन् देव झाला.”

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. “सांडूभाऊ, मग कागदावर ‘नाही’ का लिहिलंत?”

“देवाला मेला म्हणत्यात व्हय, बाई? आमच्यात तसं तोंडातून काढत नाय.”

बाईंना राग आला, आणि मग स्वतःचाच जास्त आला. प्रश्न त्यांनी विचारला होता तो स्वतःच्या घरच्या भाषेत, सांडूच्या नव्हे.

दुसऱ्या दिवशी बाई तिघांना दवाखान्यात घेऊन गेल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी सत्यशीलाच्या ईसीजीची पट्टी दोनदा पाहिली. “थोडं वेगळं दिसतंय, पण नुसत्या एवढ्यावरून सांगणं अवघड आहे. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?”

सांडूनं मान खाली घातली. बाई बोलणारच होत्या, पण कस्तुराबाईकडे बघून थांबल्या. म्हातारीनं नातीचं मनगट घट्ट धरलं होतं.

“माझा लेक मेला, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली. “पळता पळता मेला. लई गुणाचा व्हता.”

तीस वर्षं तिनं त्याला नैवेद्य दाखवला होता, पण त्याच्यासाठी रडली नव्हती. देवासाठी कोण रडतं? आता ती ओक्साबोक्शी रडू लागली. बाईंचेही डोळे भरून आले.

डॉक्टरांनी लिहून दिलं : पुढच्या तपासण्या आणि उपचार होईपर्यंत धावणं बंद. सत्यशीलाचा चेहरा पार उतरला. तिनं कागदाची घडी घातली. मग तिनं आजीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

“रडू नको, आजी,” ती म्हणाली. “मी हाय ना.”