बायपासचा कॉक

रविराजनं डाळिंबाच्या पालथ्या क्रेटवर लॅपटॉप ठेवला. वरकुट्यात त्यांच्या घरी रेंज यायची ती फक्त गोठ्याच्या भिंतीपाशी, म्हणून जहाज कंपनीची चौकशी म्हशींच्या शेजारीच सुरू झाली. साहेब मुंबईहून बोलत होते, मराठीत आणि अगदी गोड.

"बायपास तुम्हीच उघडलात?"

"हो सर. कॅप्टननी सांगितलं म्हणून."

"लेखी?"

"तोंडी."

माल उतरवला की जहाज हलकं होतं, मग तोल राहावा म्हणून त्याच्या पोटात पाणी भरतात. ते शुद्धीकरणाच्या यंत्रातूनच घ्यायचं, असा कायदा. त्या बंदरात एवढा गाळ, की यंत्राचा फिल्टर सारखा चोंदत होता आणि जहाज कलायला लागलं होतं. कॅप्टन ओरडला, इंजिनिअर रविराजनं बायपासचा कॉक फिरवला, यंत्र टाळून पाणी थेट आत घेतलं. धोक्याच्या वेळी तशी मुभा असते. मात्र कॅप्टननं नोंद करून बंदराला कळवायचं असतं. त्यानं ते केलंच नाही. पुढच्या बंदरात पकडल्यावर हा शहाणा म्हणतो, इंजिनिअरनं मनानंच उघडला! वा रे कॅप्टन! रविराजची नोकरी राहणार की जाणार, ते आजच्या बोलण्यावर होतं.

त्याचा बाप महिपती पेंडीची पाटी धरून ऐकत होता. लेकाला असं कोंडीत धरलेलं त्याला बघवेना. तो कॅमेऱ्यापुढं वाकला.

"सायेब, मी ह्याचा बाप. पोरगं लई हुशार हाय."

"तात्या, तुमी जावा बरं."

"असू द्या हो," साहेब म्हणाले. "बोला काका."

"बायपासचं काय घिऊन बसलाय? कॅनॉलचं गढूळ पाणी आलं की आमचा ठिबकचा फिल्टर चोंदतोय. सातवीत असल्यापास्नं बायपास ह्योच उघडतोय."

"तुम्हाला न विचारता?"

"न इचारता!" महिपतीची छाती फुगली. "कुणी सांगायची गरजच न्हाय त्याला."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "बरं झालं काका, भेट झाली. रविराज, आणखी काही?"

रविराजनं बापाच्या फुललेल्या तोंडाकडं पाहिलं. या माणसाला साहेबांसमोर खोटं पाडायचं?

"नाही सर."

स्क्रीन काळी झाली.

"लगीच मऊ झाला की सायेब," महिपती म्हणाला. "नीट बोललो न्हवं मी?"

रविराजनं लॅपटॉप मिटला.

"व्हय तात्या. नीट बोलला."