वरचं वेगळं मोजा

विजया पाळणाघरातल्या मुलांना वरणभात भरवत होती, तेवढ्यात पद्माकर भाऊजी चपलांसकट आत आले. वरच्या मजल्यावर राहणारे हे थोरले दीर वर्षभर तिच्याशी बोलले नव्हते. जिन्यापाशी समोरासमोर आले तर ते भिंतीकडे बघत, ती मोबाइलकडे.

"हाउस टॅक्सची नोटीस बघितलीस?"

"बघितली."

"पूर्ण घर कमर्शियल लावलंय. माझा मजलासुद्धा."

"तक्रार कोणी केली होती?"

"मीच केली. लपवू कशाला? पण ती तुझ्या पाळणाघराची केली होती, माझ्या घराची नाही."

विजयाने पुढच्या मुलाच्या तोंडात घास दिला. हसू येत होतं, ते तिने गिळलं. गाझियाबादच्या या वसाहतीत सासऱ्यांनी, नानांनी, घर बांधलं तेव्हा त्याला एकच नंबर मिळाला होता. ते गेल्यावर खालचा मजला विजयाच्या नवऱ्याकडे, हरिदासकडे आला आणि वरचा पद्माकरकडे, पण पालिकेच्या लेखी घर अजून एकच होतं. खाली धंदा चालतो म्हटल्यावर अख्ख्या घराची पट्टी त्या दराने लागली होती.

"पाळणाघर बंद कर. बाकी मी बघून घेतो," भाऊजी म्हणाले.

"नाही करणार."

"तुझ्या जावेचं, लतिकाचं डोकं मुलांच्या आवाजाने सकाळपासून ठणकत असतं. दोनदा चांगल्या शब्दांत सांगितलं होतं तुला."

ते खरं होतं. मुलांना मागच्या खोलीत हलवते, असं विजयाने दोन्ही वेळा कबूल केलं होतं आणि हलवलं नव्हतं. मागच्या खोलीत ऊन येत नाही. पण त्यासाठी तिसऱ्यांदा येऊन भांडायचं सोडून हा माणूस सरळ पालिकेत गेला होता, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"चपला बाहेर काढा," ती म्हणाली. "मुलं इथे जमिनीवर लोळतात."

ते चपला न काढताच निघून गेले.

हरिदास नोएडाच्या ऑफिसातून आला, चहा घेतला, आणि बराच वेळ कप हातात धरून बसला. त्याला काहीतरी सांगायचं असलं की तो असाच बसायचा.

"दादाने हरकतीचा अर्ज केलाय," शेवटी तो म्हणाला. "सुनावणी लागलीये. मी सही केली."

"काय लिहिलंय त्यात?"

"की पाळणाघर बंद झालंय."

 लॉकडाऊनमध्ये याची नोकरी गेली तेव्हा हेच पाळणाघर उभं राहिलं होतं. आधी शेजारच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी, मग त्यांच्या मैत्रिणींची मुलं. लेकीचं, मैत्रेयीचं इंजिनिअरिंग त्यावर झालं. तेव्हा वरून कोणी विचारलं नव्हतं की, बाबांनो, कसं चाललंय.

"मला न विचारता सही केलीस?"

"यार विजया, थोडे दिवस बंद ठेव ना. इन्स्पेक्शन झालं की परत चालू कर. दादाला कशाला दुखवायचं?"

"आणि मला?"

हरिदासने कप धुऊन ठेवला. तो कधी कप धूत नसे.

सुनावणीच्या सकाळी विजयाने मुलं मदतनीस बाईवर सोपवली आणि साडी बदलून पालिकेच्या कार्यालयात पोहोचली. तिला दारात पाहून हरिदासचा चेहरा उतरला. पद्माकर भाऊजींनी नुसती फाइल या हातातून त्या हातात घेतली.

आतल्या अधिकारी बाईंनी अर्ज वाचला. "क्रेश बंद हो गया है?"

"बिल्कुल, मॅडम," पद्माकर भाऊजी म्हणाले. "अब तो वहाँ सिर्फ़ रहते हैं."

"बंद नहीं हुआ," विजया म्हणाली. "मैं चलाती हूँ. इस वक़्त भी बच्चे घर पर हैं."

बाईंनी चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं. "आप लोग एक ही परिवार हैं न?"

हरिदासने खुर्ची जरा मागे सरकवली.

"नीचे जो टॅक्स बनता है, लगाइए, मैं दूँगी," विजया पुढे म्हणाली. "लेकिन ऊपरवाला हिस्सा इनका है. उसे अलग नापिए, अलग नंबर दीजिए."

बाईंना ते पटलं. दोन्ही भावांची संमती असेल तर घराची विभागणी करता येईल, त्यासाठी माणूस येऊन पूर्ण बांधकाम मोजेल, गच्चीसकट, असं त्या म्हणाल्या. आपला मजला धंद्याच्या दरातून सुटणार म्हणून पद्माकर भाऊजींनी मान डोलवायला सुरुवात केली होती. 'गच्चीसकट' ऐकलं आणि मान मध्येच थांबली.

गच्चीवर त्यांनी दोन खोल्या चढवल्या होत्या. नोकरी करणाऱ्या दोन मुली तिथे भाड्याने राहत. त्या खोल्यांचा पालिकेला पत्ता नव्हता.

ते विजयाकडे झुकले. "वरच्या खोल्यांचं इथे बोलू नकोस," ते मराठीत, अगदी हळू म्हणाले. "अर्ज मागे घेतो, लागलीये ती पट्टी भरतो. तुझं पाळणाघर चालू दे. मी परत एक शब्द काढणार नाही."

एवढ्या मऊ आवाजात ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते. हरिदासने टेबलाखाली तिचा हात दाबला. या घटकेला गप्प बसलं तर सगळं मिटेल, हे तिला कळत होतं. पण मिटेल म्हणजे काय, तेही कळत होतं. उद्या पुन्हा काही बिनसलं की हे पुन्हा इथेच येणार, आणि नवरा पुन्हा सही करणार.

तिने हात सोडवून घेतला.

"मॅडम, छत पर दो कमरे हैं," ती म्हणाली. "किराए पर दिए हैं. वो भी लिख लीजिए."

बाहेर कॉरिडॉरमध्ये पद्माकर भाऊजींनी तिला गाठलं. "नानांचं घर फोडलंस तू."

"तक्रार घेऊन इथे पहिले कोण आलं होतं, भाऊजी?"

"तू आमच्यात आलीस त्या दिवसापासून मला माहीत होतं."

"मग तेव्हाच सांगायचं होतं. मी पुण्याला माहेरी परत गेले असते."

हरिदास दोघांच्या मध्ये उभा होता. "चलो, घरी जाऊन बोलू," असं दोनदा म्हणाला, आणि मग भावाबरोबर त्याच्या गाडीत बसून गेला. विजया ऑटोने आली.

खोल्यांची नोंद झाल्यावर मोजणी टळणार नव्हती, तेव्हा वेगळा नंबर तरी मिळावा म्हणून पद्माकर भाऊजींनी संमती दिली. मोजणी झाली. वरच्या मजल्याला राहत्या घराचा दर लागला, पण गच्चीवरच्या खोल्यांना भाड्याचा दर आणि मागच्या वर्षांचा दंड बसला. त्या मुली दुसरीकडे राहायला गेल्या. खाली विजयाला धंद्याचा दर भरावाच लागला. तिने फी वाढवली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आपला धाकटा काढून घेतला आणि नंतर रस्त्यात ओळख दाखवली नाही. विजयाला ते सर्वांत जास्त लागलं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि का, ते हरिदासने विचारलं नाही.

पद्माकर भाऊजींनी जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार बसवलं आणि आतून कुलूप घातलं.

रविवारी हरिदास भावासाठी दुकानातून जिलबी घेऊन आला. विजया स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. त्याने बेल वाजवली, थांबला, पुन्हा वाजवली. वर टीव्ही चालू होता, तो ऐकू येत होता. कोणी उतरलं नाही. हरिदास पिशवी घेऊन तिथेच उभा राहिला.

विजयाने त्याला आत बोलावलं नाही. तिने कणीक भिजवायला घेतली.