थंड इंजिनाची परीक्षा

मित्रांनो, अंगाने लहान, आवाजाने मोठी आणि वयाने तुमच्या थोरल्या भावंडांएवढी अशी मी एक जुनी डिझेलची गाडी आहे. माझा रंग पांढरा. निदान कागदावर तरी तसे लिहिले आहे. मी चालू असले की बोलणाऱ्यांना आवाज चढवावा लागतो. आता डिझेलच्या गाडीने कुजबुजावे अशी अपेक्षा कोणी ठेवली तर त्याला मी काय करणार?

माझी पहिली मालकीण शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश शिवून ती माझ्या मागच्या सीटवर गठ्ठे रचायची आणि शाळाशाळांना पोहोचवायची. ती मला जपायची. तेल वेळेवर बदलायची, आणि मुख्य म्हणजे सकाळी किल्ली लावली की घाई करायची नाही. आम्हा डिझेलच्या गाड्यांना थंडीत आधी आतून ऊब लागते. किल्ली अर्धी फिरवली की आमच्या पोटातले हीटर प्लग तापू लागतात आणि समोर एक पिवळा दिवा लागतो. तो विझला की मगच पुढे किल्ली फिरवायची. एवढे चार क्षण दिले की आम्ही दिवसभर राबतो. "ही गाडी नाही, माझा तिसरा हात आहे," असे ती सगळ्यांना सांगायची. मला ते ऐकून फार बरे वाटायचे.

तिची नजर अधू झाली आणि मी तिच्या जावयाकडे गेले. जावईबापूंना दम म्हणून नव्हता. दिवा लागतो न लागतो तोच ते सेल्फ मारायचे आणि मी चालू झाले नाही की मलाच लाखोली वाहायचे. तेल काळे ठिक्कर पडले तरी कोणी पाहिले नाही. हळूहळू माझ्या चारपैकी दोन हीटर प्लगनी मान टाकली. शेवटी जावईबापूंनी मला जुन्या गाड्यांच्या दुकानात आणून सोडले आणि मागे वळूनही पाहिले नाही.

तिथे पत्र्याच्या छपराखाली मी चार महिने धूळ खात उभी होते. दुकानदार माणूस तसा वाईट नव्हता. पण माझे दुखणे त्याला ठाऊक होते आणि ते गिऱ्हाइकाला कळू नये याची युक्तीही. गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी तो खटपट करून मला चालू करायचा आणि एक फेरी मारून आणायचा. इंजिन एकदा गरम झाले की मी किल्ली लावताक्षणी चालू होते. पाहणाऱ्याला वाटावे, काय तब्येत आहे! त्या आठवड्यात मात्र तो फोनवर कोणाला तरी म्हणाला, "शनिवारपर्यंत गेली तर ठीक, नाहीतर पांढरी भंगारात."

गुरुवारी सकाळी एक ताई आली. सोबत तिचे बाबा होते, बसचे निवृत्त ड्रायव्हर. ताईच्या हातात नमुन्यांचा निळा डबा होता आणि ती उजव्या पायाने किंचित लंगडत होती. ती घरोघरी जाऊन आजारी माणसांच्या रक्ताचे नमुने घ्यायची. स्कूटरवरून पडून गुडघा दुखावल्यापासून तिला स्कूटर जमत नव्हती.

"मला छोटी डिझेल हवीय, रोजच्या कामाला," ती दुकानदाराला म्हणाली. "सकाळी सहाला निघायचं. सोळा-सतरा घरं. प्रत्येक घरापाशी बंद करायची, परत चालू करायची. पहिला नमुना घेतल्यापासून तीन तासांत सगळं लॅबमध्ये पोहोचलं पाहिजे. दोनदा उशीर झालाय माझा. आता तिसऱ्यांदा झाला तर फेरी दुसऱ्या कोणाला तरी देणार आहेत."

"आणि ज्यांचं रक्त वाया गेलं त्यांना परत टोचावं लागतं," बाबा म्हणाले. "मागच्या वेळी एका आजीबाईंची शीर सापडता सापडेना. घरी येऊन ही जेवली नाही."

"काळजीच सोडा ताई," दुकानदार म्हणाला. "ही पांढरी घ्या, नाहीतर ही शेजारची राखाडी. दोन्ही एक नंबर."

राखाडी माझ्यापेक्षा पुष्कळ तरुण होती. चकचकीत, डॅशबोर्डवर टचस्क्रीनचा पडदा, उभी राहायची तीही ऐटीत. दुकानदाराने मला चालू केले. मी तासापूर्वीच फिरून आले होते, त्यामुळे पहिल्याच झटक्याला आवाज दिला. मित्रांनो, खरे सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. शनिवार टळला असे वाटले. ही बाई मला घेऊन जाईल आणि तिसऱ्या-चौथ्या सकाळी मी तिला रस्त्यात उभी करीन, हे मला माहीत होते. तरीही मला आनंद झाला. त्याची लाज मला अजून वाटते.

ताईने इंजिन बंद करायला सांगितले आणि बॉनेटवर तळहात ठेवला. मग राखाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"बाबा, हिचं अंग गरम आहे. आणि हिचं गार."

"आत्ता चालू केली ना ताई," दुकानदार हसला.

"अर्ध्या मिनिटात एवढी तापते?" बाबांनी विचारले.

दुकानदाराचे हसू मावळले. ताईने पिशवीतून चिकटपट्ट्या काढल्या. नमुन्याच्या नळ्यांवर ती अशाच पट्ट्या लावायची. एकदा लावली की ती फाटते, पण अख्खी सुटत नाही. तिने दोन पट्ट्यांवर तारीख, वेळ आणि सही घातली. एक माझ्या दाराच्या फटीवर आडवी चिकटवली, दुसरी राखाडीच्या.

"राग मानू नका," ती म्हणाली. "रक्ताच्या कामात आम्ही सगळ्यालाच सील लावतो. रविवारपर्यंत फेरीची रजा घेतलीय, म्हणून उद्या सकाळी सहाला येते. दोन्ही गाड्या थंड बघायच्यात."

तो दिवस सरता सरेना. संध्याकाळी दुकान बंद करताना दुकानदार माझ्यापाशी आला. त्याने पट्टीचा कोपरा नखाने खरवडून पाहिला. कोपरा फाटू लागला तसा तो थांबला. "तू माझी अब्रू घालवणार," असे मला म्हणून तो निघून गेला. मला हलताही येत नव्हते आणि बोलताही.

सकाळी गारठा पडला होता. ताईने दोन्ही पट्ट्या नीट पाहिल्या आणि फाडल्या. दुकानदार घाईने माझ्यात बसला. त्याने दिव्याकडे न बघता थेट सेल्फ मारला. मी नुसती घरघरले. पुन्हा मारला. पुन्हा तेच. बॅटरीचा जोर कमी होत चालला आणि माझा जीव टांगणीला लागला.

"राहू दे ती," बाबा म्हणाले. "राखाडी बघू."

राखाडी लगेच चालू झाली. बाबांचा चेहरा खुलला. "हीच घे गं!" ताईने मात्र मान हलवली. "आधी माझी फेरी करून बघते." ती बाबांना घेऊन गल्ल्यांत निघाली, घरोघरी थांबल्यासारखी बंद-चालू, बंद-चालू करीत. मी मागे उभी राहिले. दुकानदार माझ्याकडे बघेना.

तासाभराने ती दोघे परतली. राखाडीच्या डॅशबोर्डवर एक केशरी दिवा पेटला होता आणि तो विझत नव्हता.

"हा कसला?" ताईने विचारले.

"ते काही नाही हो. हिच्या धुराच्या नळीत काजळी धरायची जाळी आहे. मोठ्या रस्त्याला तासभर पळवली की काजळी जळून जाते."

"आणि नाही पळवली तर?"

दुकानदार घुटमळला. "तर... साचते. मग गाडी ओढत नाही."

"माझ्या फेरीत मोठा रस्ता येतच नाही." ताई तिथल्या खुर्चीवर बसली आणि दुखरा गुडघा दाबू लागली. "बाबा, सोमवारपासून मी काय करू?"

तिचा आवाज ऐकून मला कसेसेच झाले. बाबा माझ्याभोवती एक चक्कर मारून आले आणि थबकले.

"मालक, मघाशी तुम्ही दिवा विझायची वाट बघितलीत?"

"कोणता दिवा?"

"तेच म्हटलं!" बाबांनी ताईला माझ्यात बसवले. "किल्ली अर्धीच फिरव. पिवळा लागला? विझू दे. आता बंद कर. परत अर्धी. घाई नको."

तीनदा तिने तसे केले. माझ्या उरलेल्या दोन प्लगनी जेवढी ऊब जमवता आली तेवढी जमवली. बॅटरीत एकाच झटक्यापुरता दम होता. ताईने पुढे किल्ली फिरवली. मी खोकले, थरथरले, ढगासारखा पांढरा धूर सोडला आणि चालू झाले.

दुकानदाराने कपाळ पुसले. "दोन हीटर प्लग गेलेत हिचे," तो एकदाचा बोलला. "काल तुम्ही यायच्या आधी मीच फिरवून आणली होती. बाकी गाडी ठणठणीत आहे, देवाशपथ."

"हे काल सांगितलं असतंत तर कालच घेतली असती," ताई म्हणाली.

चारही प्लग आणि बॅटरी नवी घालून, तेल बदलून शनिवारी मी तिच्या दारात आले.

सोमवारी आमची पहिली फेरी झाली. सतरा घरांपैकी बाराव्या घरी एका आजोबांनी दार उघडायला फार वेळ लावला, आणि पुढे रस्ता खणलेला निघाला. ताईचे लक्ष सारखे घड्याळाकडे जात होते. लॅबपाशी मला कशीबशी लावून ती डबा घेऊन लंगडतच पळाली. खिडकीतल्या माणसाने पहिल्या नळीवरची वेळ वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि डबा आत घेतला. सहा मिनिटे शिल्लक होती.

ताई परत येऊन माझ्यात बसली. मग माझ्या डॅशबोर्डवर थाप मारून म्हणाली, "पोहोचलो गं आपण."

मित्रांनो, आमची निगा राखा हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठे मागणे दुसरेच आहे. आम्हाला कोणाच्या हाती द्याल तेव्हा आमची दुखणी झाकू नका. प्लग कुठेही मिळतात. त्या दुकानदाराची युक्ती साधली असती तर त्या सोमवारी थंडीत चालू होण्यातच माझी बॅटरी थकली असती, मी तिला कुठल्या तरी गल्लीत उभे केले असते, आणि तोवर रक्त दिलेल्या सगळ्यांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली असती.