फोटोत न आलेल्या गाड्या

मित्रांनो, मी एक जुनी सफारी जीप आहे. गोड गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा. माझं इंजिन कधीच गार पडलं, पण डोकं अजून तापलेलं आहे.

नैरोबीच्या एका कारखान्यात माझं छप्पर कापून वर उघडतं झाकण बसवलं आणि मला मसाई माराच्या गवताळ रानात, एका लॉजवर आणलं. माझा ड्रायव्हर कोइनेट हा तिथल्या गुराखी मसाई जमातीचा. सकाळी चहात मंदाझी, म्हणजे तळलेला गोड पाव, बुडवून खायचा आणि माझ्या बॉनेटवर थाप मारायचा. "चल गं बाई, आज कुणाला त्रास द्यायचा नाही हं!" जनावर दिसलं की तो लांब थांबायचा, इंजिन बंद करायचा. पाहुणे मला दणकट म्हणायचे, तेव्हा फार बरं वाटायचं.

कोइनेटचा जीव नालांगू नावाच्या चित्तिणीवर होता. त्या वर्षी तिला दोन पिल्लं होती आणि तिची शिकार सारखी हुकत होती. पिल्लांच्या नुसत्या बरगड्या उरल्या होत्या. आता पोटात काही पडलं नाही तर ती जगणार नाहीत, हे कोइनेटला कळत होतं.

एका सकाळी नालांगू दबकत दबकत हरणाकडे सरकत होती. माझ्यात ब्रॅम नावाचा पाहुणा होता, हातभर लांबीची लेन्स घेऊन.

"अहो, पुढे घ्या की! इथून काय मुंगी दिसणार?"

"साहेब, तिला आधी जेवू द्या."

"फोटो मिळाला नाही तर मॅनेजरला सांगेन, बघा!"

आमच्याकडे ड्रायव्हर लोकांचा एक रिवाज आहे. जनावर दिसलं की वायरलेसवर सगळ्यांना सांगायचं. जो आज लपवतो, त्याला उद्या कुणी काही कळवत नाही. तेवढ्यात दुसऱ्या लॉजचा ओन्देरी वायरलेसवर ओरडला, "काय रे कोइनेट, गप्प का? एकटाच गिळतोस होय?" कोइनेटने नाइलाजाने जागा सांगितली. "पण लांब थांबा रे बाबांनो," असंही म्हणाला.

कोण ऐकतो! धुरळा उडवत गाड्या आल्या आणि गोल करून उभ्या राहिल्या. तरीही नालांगूने हरीण पाडलं. शाबास गं पोरी! मला वाटलं, सुटली एकदाची.

पण आमच्याकडची तरसं आता शिकली आहेत. गाड्यांचा घोळका दिसला की तिथे ताजं मांस असतं. ही अक्कल त्यांना आम्हीच दिली. पिल्लं धावत येऊन मांसाला तोंड लावणार, तोच तरसांची टोळी आली. नालांगू पिल्लं घेऊन पळायला बघू लागली, तर जिकडे तिकडे चाकंच चाकं. एक पिल्लू माझ्याखाली शिरलं. त्यामुळे कोइनेटला मला हलवता येईना. "वाट सोडा रे, मेल्यांनो! वाट सोडा!" तो घसा फोडून ओरडत होता. एकही गाडी हलली नाही. दुसरं पिल्लू तरसाने उचललं आणि कॅमेरे खटाखट वाजत राहिले.

माझ्याखालचं पिल्लू उपाशीच आईमागे गेलं. ती दोघं पुन्हा कुणाला दिसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोइनेटने मॅनेजरच्या टेबलावर किल्ली आपटली. "ठेवा तुमची नोकरी!" म्हणाला आणि आपल्या गुरांकडे निघून गेला. मी आता स्वयंपाकघरामागे पडून आहे. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. त्याचा राग नाही. राग आहे तो समोरच्या जेवणघराच्या भिंतीचा. तिथे ब्रॅमने काढलेला फोटो टांगला आहे. तरसाच्या जबड्यात पिल्लू, आणि खाली लिहिलंय, 'निसर्गाचं क्रौर्य'. पाहुणे हातात ताट घेऊन बघतात, 'अरेरे' म्हणतात आणि भाजलेलं मटण वाढून घेतात.

निसर्गाचं? डोंबलाचं! फोटोच्या कोपऱ्यात माझं चाक आलं होतं. फ्रेम करताना ते कापून टाकलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही रानात जाल. ड्रायव्हर लांब थांबला तर 'पुढे घ्या' म्हणू नका. आणि कुणी अगदी जवळून काढलेला झकास फोटो दाखवला, तर वाहवा करण्याआधी एवढंच विचारा, गाडी कुठे उभी होती?