सुटली की पडली

"एक तर एकच कान उरलाय, त्यालापण सकाळपासून मोबाईल," रत्नप्रभा वडे थापता थापता पुटपुटली.

दत्तारामला ते स्वच्छ ऐकू आलं. अर्ध्या बहिऱ्या माणसाला ओरडणं कळत नाही, पुटपुटणं बरोबर कळतं. पंचवीस वर्षांत हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. डावा कान तो कारगिलला ठेवून आला होता. ग्रॅड रेजिमेंटला होता तो. रशियन ट्रक, पाठीवर चाळीस नळ्या, वीस सेकंदांत चाळीस रॉकेटं. तरट फाडत न्यावं तसा आवाज, आणि लगेच जागा सोडून सुसाट पळायचं. ती पडताना कशी वाजतात, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. वायरलेसवर "बरोबर बसलं" आलं की पोरं टाळ्या द्यायची. तोही द्यायचा.

त्या ट्रकपुढचा त्याचा फोटो दिंडोशीच्या खोलीत टीव्हीच्या वर होता. सिद्धेश, त्यांचा मुलगा, त्या फोटोखालीच वाढला. गेल्या वर्षी परदेशी नोकऱ्यांचा एजंट घरी येऊन चहा प्यायला, फोटोकडे बघून म्हणाला, "बाप तोफखान्यातला. पोराला रशियाची कसली भीती?" दत्ताराम तेव्हा फुलला होता.

काम गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचं होतं. दीड महिन्यात पोराच्या अंगावर रशियन फौजेची वर्दी चढली.

शेवटचा व्हॉइस मेसेज जुलैतला. "बाबा, जेवलो. आईला सांग, इकडे डास नाहीत." मागे धाड, धाड, धाड. पुढे काहीच नाही.

"मागे काय वाजतंय हो?" रत्नप्रभाने त्याच दिवशी विचारलं होतं.

"आपलीच सुटतायत. ग्रॅड. त्याच्याजवळ माणूस सेफ असतो."

मग शेजारीपाजारी ती हेच सांगू लागली. नेटवर्क नसेल तिकडे. आपलीच सुटतायत. आपली म्हणजे कुणाची, हे कुणी विचारलं नाही. नंतर नंतर तर सिद्धेशबद्दलच कुणी विचारेना.

मेसेजमधल्या आवाजाचा ताल ग्रॅडचाच होता, अर्ध्या सेकंदाला एक. फक्त सुटतानाचं ते तरट फाटत नव्हतं. अडीच महिने तो रोज मेसेज लावायचा आणि तो फाटण्याचा आवाज शोधायचा.

आज दत्तारामच्या वडिलांचा म्हाळ. भटजींना पुढे बोरिवलीला अजून दोन घरं होती. ते भराभर गेलेल्यांची नावं घेत होते. "आई-वडील झाले, आजा-आजी झाली, काका, मामा झाले. आणखी कुणाचं नाव राहिलंय?"

पानं मांडणारी लेक श्रुतिका थांबली. भावाची राखी अजून तिच्या पर्समध्येच होती.

"नाही," दत्ताराम म्हणाला आणि बोटातल्या दर्भाच्या अंगठीशी चाळा करत राहिला.

"ओ." रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हात पिठाचे. "आज खरं सांगा. सुटत होती की पडत होती?"

नीट ऐकू आलं नाही, असं दाखवता आलं असतं. संसारात तेवढी एक सोय त्याला होती.

"पडत होती," तो म्हणाला. "मला तेव्हाच कळलं होतं."

"मलापण. तुमचं तोंड दिसतं ना मला."

भटजी घड्याळाकडे बघत होते. ती पदराला हात पुसत खाली बसली.

"राहिलंय एक नाव," ती म्हणाली. "सिद्धेश. सिद्धेश दत्ताराम."