किकरचे बाबा

"थांबवा, थांबवा! तिथंच थांबवा!" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले, की यांच्या मित्राच्या, प्रल्हाद भावजींच्या हातातला रिमोट निसटून सोफ्याखाली गेला.

टीव्हीवर आमच्या गावातल्या कॉलेजची टीम कालचा सामना परत हरत होती. शनिवारी स्टेडियममध्ये बसून हरायचं आणि रविवारी सकाळी पोहे खाता खाता तोच सामना पुन्हा हरायचा, अशी आमच्या घरची रीत झाली होती. हा इथला अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून, चेंडू काखेत मारून एकमेकांच्या अंगावर धावायचं, तो. आमच्या लेकाच्या, कुशलच्या वाट्याला मात्र त्यातलं पायाचंच काम आलं होतं. तो किकर. टीमची गाडी अडली की त्याला बोलवायचं, त्यानं दोन उंच खांबांच्या मधून चेंडू मारायचा, टीमला तीन पॉइंट मिळवून द्यायचे आणि पुन्हा कडेला जाऊन उभं राहायचं.

"बघा प्रल्हादराव," हे टीव्हीला नाक लावून म्हणाले, "आपली पुढं अडवणाऱ्या पोरांची लाइन डावीकडून गळते. मागून चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, त्याला सवडच मिळत नाही. मग चेंडू पार पलीकडच्या टोकाला नेऊन टचडाउन होणार कुठून? सगळा भार येतो किकवर."

"आणि किक जात नाही," प्रल्हाद भावजी बोलून गेले. मग माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. "सॉरी वहिनी."

सॉरी कशाला? खरंच होतं ते. सीझनचे तीन सामने झाले होते, त्यातला एक जिंकलो, तोही एका लिंबूटिंबू टीमशी. कुशलच्या किक हुकल्या होत्या, आणि गावात कॉफीच्या दुकानापासून बसस्टॉपपर्यंत तीच चर्चा होती.

"पण चूक त्याची नाही ना!" हे उसळलेच. "हा खाली बसून चेंडू धरतो तो पोरगा नवीन आहे. चेंडू टेकवायला उशीर करतो. आपला कुशल तोवर निघालेला असतो, मग पाऊल अडखळतं. अरे बाप्पा, इतकं साधं आहे, कोचला कसं दिसत नाही?"

आमचे हे, म्हणजे धर्मराज, सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा त्यांना पगार मिळतो, घरी तेच काम फुकट करतात. माझं वरण, शेजाऱ्याचं पार्किंग, काही सुटत नाही.

"आता शनिवारी ग्रॅनाइट व्हॅली," ते पुढे म्हणाले. "त्यांची मधली पोरं ताडमाड आहेत. उडी मारून किक अडवतात. आपला चेंडू वेळेवर टेकला नाही, तर संपलंच."

"मग सांगा ना कोचला. गुरुवारी पॅरेंट्सना बोलावलंय म्हणालात," मी म्हटलं.

"सांगणारच आहे."

सांगायलाच हवं होतं. कुशलला कॉलेजनं बोलावून घेतलं नव्हतं. स्कॉलरशिप नाही, काही नाही, स्वतःच ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी देऊन तो टीममध्ये शिरला होता. दोन वर्षं नुसता कडेला उभा राहिला आणि या सीझनला त्याचा नंबर लागला. शाळेत असल्यापासून त्या पोरानं दुसरं काही मागितलं नव्हतं. पण कोचनी आता टेक्सासहून एक नवा किकर आणला होता, आणि शनिवारी दोघांतला कोण खेळणार ते गुरुवारच्या प्रॅक्टिसनंतर ठरणार होतं. एकदा जागा गेली की गेली, हे कुशलनंच मला सांगितलं होतं.

गुरुवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. गाडीत इंग्रजी वाक्यं पुटपुटत होते, "सर, द होल्डर इज लिटल लेट." मी म्हटलं, छान, अस्संच सांगा.

प्रॅक्टिस संपल्यावर कोच हॅलोरन आमच्याकडे आले. दांडगा माणूस, पण बोलणं मऊ. ते यांना म्हणाले, "तुमचा कुशल फार कमी बोलतो. मला अजून तो नीट कळलेला नाही. तुम्ही वडील आहात. तुम्हाला काय वाटतं त्याच्याबद्दल?"

एवढी आयती संधी कोण देतं! मी मनात म्हटलं, बोला आता. आणि यांनी दोन्ही हात पुढे बांधले, मान जरा खाली घातली आणि चेहऱ्यावर ते हसू आणलं. ते हसू मी ओळखते. पोरांच्या शाळेत गेलं की ते आपोआप येतं.

"नो नो, सर. ही इज व्हेरी लेझी बॉय."

मी त्यांच्या कोपराला चिमटा काढला. काही उपयोग झाला नाही.

"टेन्शन फार घेतो. प्रेशर आलं की घाबरतो, लहानपणापासून. यू प्लीज बी स्ट्रिक्ट विथ हिम." एवढं बोलून हे हसत वाट बघत राहिले.

कशाची वाट बघत होते, ते मला माहीत होतं. माझे सासरे नागपूरला रेल्वेत फिटर होते. ते शाळेत जाऊन म्हणायचे, "गुरुजी, पोरगं द्वाड आहे, ढील देऊ नका." मग गुरुजी म्हणायचे, "छे हो, तुमचा धर्मराज हिरा आहे." सासऱ्यांनी पोराचं कौतुक स्वतःच्या तोंडानं कधी केलं नाही. ते गुरुजींच्या तोंडून ऐकायलाच तर ते शाळेत जायचे. आपल्याकडे हे असंच असतं. आपण नावं ठेवायची आणि समोरच्यानं ती पुसायची.

कोचनी पुसली नाहीत. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "थँक यू. इतकं खरं बोलणारे वडील मला भेटत नाहीत. माझ्या मनात तीच शंका होती." आणि ते पुढच्या पालकांकडे गेले.

"बघितलंस, किती आदरानं बोलला," गाडीत बसल्यावर हे म्हणाले.

"आणि ते चेंडू धरणाऱ्याचं?"

"राहिलं. पण दुसऱ्याच्या पोराची चुगली करायची, बरं दिसतं का?"

"आपल्या पोराची केलीत ती काय होती मग?" माझा आवाज चढला.

"अगं, ते म्हणायचं असतं, रोशनी. त्याला काय अर्थ असतो?"

शुक्रवारी दुपारी कुशल घरी आला. पाठीवरची बॅग न काढताच टेबलाशी बसला. हे घरूनच काम करत होते, ते लॅपटॉप मिटून बाहेर आले.

"बाबा, यू टोल्ड कोच आय चोक?"

"तसं नाही म्हटलं रे. थोडा घाबरतो म्हटलं."

"सेम थिंग." तो चिडला नव्हता, हेच वाईट होतं. "उद्या तो नवा मुलगा खेळणार. कोच सेड, इव्हन युअर डॅड सीज इट."

हे त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "अरे, मोठ्या माणसापुढे आपल्या पोराचं कौतुक करत नाहीत. आपण असं म्हणायचं, मग ते म्हणतात, नाही हो, गुणी पोरगा आहे."

"ही डिडन्ट से दॅट."

"नाही, तसं नाही म्हणाला."

 कुशल मोडक्या मराठीत म्हणाला, "तुम्ही मला पण तसं कधी नाही म्हणालात, बाबा."

मलाच राहवलं नाही. "अरे, दर रविवारी प्रल्हादकाकांपुढे तुझंच कौतुक चालू असतं!"

"प्रल्हादकाका इज नॉट द कोच, आई."

तो जेवला. ताट विसळून ठेवलं आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो गेल्यावर हे कोचच्या ऑफिसात धावत गेले, पण सामन्याच्या आदल्या दिवशी कोच कुणाला भेटत नाहीत, असं ऐकून परत आले. फोनवर निरोप ठेवला. उत्तर आलं नाही, आणि आलं असतं तरी काय? कोणत्या तोंडानं सांगणार होते, की काल मी बोललो ते शिष्टाचार म्हणून?

शनिवारी आम्ही गेलो. मी म्हटलं होतं, नको जाऊ या. पण यांचं एकच, "तो तिथं उभा राहणार आणि आपण घरी बसायचं?"

लाइन डावीकडून गळत होती. टचडाउन काही होईना. मग तो टेक्सासचा पोरगा आला.

"आता बघ," हे माझ्या कानात म्हणाले, "तो खाली बसलेला उशीर करतो की नाही."

त्यानं चेंडू टेकवला. ग्रॅनाइट व्हॅलीची ताडमाड पोरं उडाली, आणि चेंडू त्यांच्या बोटांवरून खांबांच्या मधोमध गेला. थोड्या वेळानं दुसरी किक तशीच गेली. मग तिसरी, लांबून, वारा असताना. चेंडू धरणारा पोरगा तोच होता.

हे हळूच म्हणाले, "चूक त्या धरणाऱ्याची नव्हती."

"गप्प बसा," मी म्हटलं. मला रडू येत होतं. निदान चूक दुसऱ्याची होती, एवढा तरी आधार होता आम्हाला, तोही त्या टेक्सासच्या पोरानं काढून घेतला. यांनी कोचला रीत म्हणून सांगितलं ते खरंच होतं की काय, हा विचार माझ्या मनात आला आणि त्यांच्याही आला असणार.

पुढच्या रांगेतली एक गोरी बाई मागे वळली. खेळाडूंच्या घरच्यांसाठी ठेवलेल्या जागा त्या. "तुमचा मुलगा टीममध्ये आहे?" तिनं विचारलं.

एरवी हे म्हणाले असते, "येस येस, जस्ट लाइक दॅट." आज ते उभे राहिले. हात लांब करून त्यांनी मैदानाच्या कडेला बोट दाखवलं.

"दॅट वन. नंबर नाइन्टी-टू. माय सन. व्हेरी ब्रेव्ह बॉय." आवाज मोठा होता, मागच्या रांगेतले लोकही बघायला लागले. "ही इज द बेस्ट किकर."

बाईचा चेहरा फुलला. "अरे वा! आत्ताची ती किक त्याचीच का?"

"नाही," हे म्हणाले. "ती दुसऱ्याची. माझा तो, उभा आहे तो."

बाई "ओह" म्हणाली आणि अवघडून पुढे वळली. खाली कुशल हेल्मेट हातात धरून उभा होता, पाठ आमच्याकडे करून. लोक बसले, सामना पुढे सुरू झाला. यांचं बोट अजून तिकडेच होतं.