आफ्रिकेला जाऊन आलेला रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे. राजापूरजवळच्या एका गावात, भिकूआजोबांच्या खिडकीत माझी जागा आहे. माझी एरियल मोडकी आहे आणि पाठीचे झाकण सुतळीने बांधलेले आहे. तरी मित्रांनो, मी समुद्र ओलांडून आफ्रिकेत राहून आलो आहे.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतो तो राजापूरचा बाजार. टांझानियाला काजूच्या कारखान्यात नोकरीला निघालेल्या तरुण भिकूने मला तिथे विकत घेतले.

टांझानियातली स्वाहिली भाषा त्याला अजिबात येत नव्हती. संध्याकाळी तो मला मांडीवर घ्यायचा. मी बातम्या सांगायचो आणि तो अर्थ कळो न कळो, माझ्यामागून वाक्ये म्हणायचा. दूर कुठेतरी युद्ध पेटले की त्याच्या कारखान्यात काजूची पोती पडून राहत. मग तो मला म्हणायचा, "जग म्हणजे दोरी आहे रे. त्या टोकाला ओढली की या टोकाला हिसका बसतो."

भाषा आली, तरी कामगार त्याच्याशी तुटकच वागत. त्यामागचे कारण त्याची घरमालकीण रेहेमा हिने सांगितले. "तू आल्या आल्या काम सांगतोस. आधी माणूस विचार, मग काम."

तिथली रीतच तशी आहे. आधी घरचे कसे, मुले कशी, शेत कसे, हे विचारायचे. उत्तर येते 'न्झुरी', म्हणजे छान. घरात दुःख असले तरी आधी 'न्झुरी'च म्हणतात. मग येते 'लाकिनी', म्हणजे 'पण'. वाईट बातमी त्या 'लाकिनी'च्या मागून येते.

पुढे आम्ही गावी परतलो. लोक विचारत, "काय भिकू, सिंह बघितलास?" तो म्हणे, "मी काजू बघितले, नारळ बघितले, भात बघितला. सिंह बघायला तिकीट पडतं!" लोक हसत आणि माझ्याभोवती बसत. मग घरात टीव्ही आला, मोबाइल आले. मला माळ्यावर टाकले, तेही पोटात सेल ठेवून. सेल पाझरले. माझे आतले पत्रे हिरवे पडले आणि मी मुका झालो.

भिकूआजोबांचा मुलगा अमरदीप त्याच कारखान्यात गेला, रेहेमाच्याच घरी राहिला. तो रोज बायकोला, प्रभावतीला, इंटरनेटवरून फोन करी. मग तिथे निवडणूक आली. शहरांत जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. अमरदीपचा आवाज थांबला. त्याचा तिथला साधा नंबर कुणी कधी विचारलाच नव्हता, आणि तिथले सगळेच फोन बंद असणार, असे घरात सगळ्यांनी धरले होते.

एका दुपारी प्रभावतीच्या मोबाइलवर कुणीतरी निरोप ढकलला : काजूचा कारखाना जाळला, आपली माणसे गेली. गाव कोणते, ते त्यात नव्हते. ती उंबऱ्यावरच बसली. चुलीवरची पेज उतू गेली, पण कुणी उठले नाही.

"आम्रपाली, माळ्यावर चढ," आजोबा नातीला म्हणाले. "रेडिओ काढ."

"आजोबा, तो मेलाय!"

"मेलेला नाय. आपण टाकलेला आहे."

त्यांनी कोकमाचे आगळ चिंधीवर घेऊन माझे हिरवे पत्रे घासले. तांब्याची भांडी याच आंबट रसाने लखलखतात. मला आत झोंबल्यासारखे झाले. नवे सेल बसले. मी खरखरलो, थांबलो, पुन्हा खरखरलो. आजोबा माझे बटण केसाकेसाने फिरवत राहिले. शेवटी समुद्रापलीकडचा आवाज सापडला.

"काय म्हणतायत?" आम्रपालीने विचारले.

"सगळीकडे शांतता आहे म्हणतायत."

"मग बरं ना!"

"बाय गो, शांतता असली की ती सांगावी लागत नाय."

मित्रांनो, माझ्यातून खरे बोलणारे बोलले, तसे खोटे बोलणारेही. मला त्यातला फरक कळत नाही. तो ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो.

गाणे लागले, तरी आजोबा हलले नाहीत. मग एक साधी सूचना आली : बोट कधी सुटेल याची चौकशी या नंबरावर करा.

आजोबा ताडकन उठले. "फोनचा नंबर देतायत! म्हणजे साधे फोन चालू आहेत. रेहेमामामाला लाव, तिचा नंबर माझ्या जुन्या वहीत आहे!"

"मामा?"

"तिथं बाईमाणसाला मामा म्हणतात. लाव तू."

घंटी वाजत राहिली. मग बाईचा आवाज आला. आजोबांनी सावकाश विचारले, "घरचे कसे आहेत?"

"न्झुरी."

"बाबा, आधी यांचं विचारा ना!" प्रभावतीचा आवाज चिरकला.

आजोबांनी हात वर करून तिला थांबवले. "मुलं कशी?"

"न्झुरी."

"आणि माझा मुलगा?"

"न्झुरी," रेहेमा म्हणाली. मग तिने दम घेतला. "लाकिनी..."

आजोबांच्या गोष्टींतला तो शब्द आम्रपालीला ठाऊक होता. तिने आईचा हात घट्ट धरला. मला खरखरायलाही धीर झाला नाही.

पलीकडे रेहेमा भराभर बोलत होती. आजोबांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग ते डोळे पुसत हसू लागले. "संचारबंदी लागल्यापासून तो तिच्या घरातच बसून आहे. ती म्हणते, पण तुमच्या मुलाला नारळ खवता येत नाय. खोबऱ्याबरोबर करवंटीही खवतो!"

"घरात कधी खवणीला हात लावलान?" प्रभावती म्हणाली आणि रडू लागली.

अमरदीप अजून तिथेच आहे. काळजी सरलेली नाही. रोज दुपारी आम्रपाली मला लावते आणि माझ्यामागून वाक्ये म्हणते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्यांच्या पोटात संपलेले सेल ठेवू नका. ते काढून मग आम्हाला कोपऱ्यात ठेवलेत, तरी आम्ही वाट बघू. आणि कुणालाही फोन लावलात, तर आधी माणूस विचारा. परवा आम्रपालीने रेहेमाला फोन लावला. वडिलांना बोलवा, असे ती लगेच म्हणाली नाही. तिने रेहेमाच्याच भाषेत विचारले, "मामा, घरचे कसे आहेत?"